संवादाची कोंडी : पेटर सोंडीचा नाट्यविचार आणि आपली 'तंत्र' ही संज्ञा

मराठी नाट्यसमीक्षेत 'इब्सेनचे तंत्र' हा शब्दप्रयोग 'नाट्यमन्वंतर'च्या काळापासून रूढ आहे. एक अंक एक प्रवेश, स्वगतांना फाटा, पदांना कात्री, तीन भिंतींची बैठकीची खोली आणि रोजच्या बोलण्यातले गद्य एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की ते तंत्र सिद्ध झाले, अशी एक समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांतून, प्रबंधांतून आणि परीक्षणांतून सर्रास आढळते. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते असे की, नाटकाचे रूप हे नाटककाराच्या हातचे उपकरण असते. ते एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, त्यात हवा तो आशय भरता येतो आणि जुने झाले की टाकून देता येते. वर्तकांनी ब्यॉर्नसनचे कथानक घेतले, रांगणेकरांनी नोराची छाया घेतली, पुढच्या पिढीने ब्रेख्तचे काही घेतले, बेकेटचे काही घेतले, असा आपल्या आधुनिक नाटकाचा इतिहास मग देवघेवीच्या खतावणीसारखा लिहिला जातो. खतावणी खोटी असते असे नाही. पण अमुक रूप मुळात का निर्माण झाले, आणि ज्या घरात ते जन्माला आले त्या घरात ते सुखाने नांदत होते काय, हे प्रश्न खतावणीत उद्भवत नाहीत.

हे प्रश्न ज्याने सर्वांत काटेकोरपणे विचारले तो पेटर सोंडी मराठी अभ्यासकांच्या वाचनात फारसा आलेला दिसत नाही. आधुनिक नाटकासंबंधी आपण वाचले ते प्रामुख्याने इंग्रजीतून. रेमंड विल्यम्सचे इब्सेनपासून एलियटपर्यंतच्या नाटकावरचे पुस्तक १९५२ सालचे. १९६८ साली ते ब्रेख्तपर्यंत विस्तारले. मार्टिन एस्लिनचे 'अ‍ॅब्सर्ड' रंगभूमीवरचे पुस्तक १९६१ सालचे. त्या एका विशेषणाने तर आपल्याकडे पुढची पंधरा-वीस वर्षे समीक्षेचे निम्मे काम परस्पर उरकले. सोंडीचे 'आधुनिक नाटकाची उपपत्ती' हे छोटेखानी पुस्तक या दोहोंच्या मध्ये, १९५६ साली, फ्रांकफुर्टच्या झूरकाम्प प्रकाशनाने काढले. लेखकाचे वय सत्तावीस. मायकेल हेजने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर यायला १९८७ साल उजाडावे लागले. हा एकतीस वर्षांचा विलंब आपल्या अपरिचयाचे एक कारण आहे. दुसरे कारण पुस्तकाच्या स्वभावातच आहे. एस्लिनसारखी सुटसुटीत संज्ञा ते देत नाही. ते एक विरोध दाखवते, आणि त्या विरोधाचा इतिहास सांगते.

सोंडीचा जन्म १९२९ साली बुडापेस्टमध्ये झाला. त्याचे वडील लिओपोल्ड सोंडी हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ; त्यांच्या नावाची मानसशास्त्रीय चाचणी प्रसिद्ध आहे. १९४४च्या जूनअखेर कास्टनरच्या वाटाघाटींतून सुटलेल्या ज्यू कुटुंबांच्या आगगाडीत हे कुटुंब होते. ती गाडी आधी बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत गेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी हे लोक स्वित्झर्लंडला पोचले. पंधरा वर्षांच्या मुलाचे पुढचे शिक्षण त्यामुळे जर्मन भाषेत झाले. संवाद अशक्य होत जाण्याचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या चरित्रातून त्या इतिहासाचे स्पष्टीकरण शोधण्याचा मोह होतो. पुस्तकात मात्र त्याला कसलाही आधार नाही. तिथे एकही आत्मपर वाक्य नाही, आणि लेखकाचा तो संयम वाचकानेही पाळलेला बरा.

या पुस्तकाचे मूळ रूप झ्यूरिख विद्यापीठातल्या प्रबंधाचे. मार्गदर्शक होता एमिल श्टायगर. श्टायगरने १९४६ साली 'काव्यशास्त्राच्या मूलसंकल्पना' मांडल्या होत्या. त्याच्या मते भावगेय, महाकाव्यात्म आणि नाट्यात्म ही केवळ साहित्यप्रकारांची नावे नसून माणसाच्या अस्तित्वाच्या तीन मूलभूत वृत्तींची नावे आहेत. त्या वृत्ती कालातीत असतात आणि कोणत्याही कृतीत कमीअधिक प्रमाणात मिसळलेल्या आढळतात. ही मांडणी उदार वाटते, पण तिची एक किंमत आहे. साहित्यप्रकार कालातीत ठरले की त्यांच्यावर संकट येऊच शकत नाही. एखादे नाटक मग फार तर कमी नाट्यात्म आणि अधिक महाकाव्यात्म ठरते. ते तसे का झाले हा प्रश्नच विरून जातो. शिष्याने गुरूच्या याच गृहीतावर बोट ठेवले. आशय इतिहासात बदलत जातो हे सारेच मानतात. सोंडीचा आग्रह असा की रूपही इतिहासातलेच असते. तेही काही म्हणत असते. फार पूर्वी बोललेला आणि आता निवळून तळाशी घट्ट बसलेला आशय म्हणजेच रूप. हा विचार त्याला आडोर्नोच्या नव्या संगीतावरील ग्रंथात सापडला. त्याच्या मागे लुकाचची कादंबरीमीमांसा आणि जर्मन शोकनाट्यावरचा बेन्यामिनचा १९२८चा ग्रंथ उभे होते, आणि या सर्वांच्या मागे हेगेल. सोंडीने हे ऋण पुस्तकाच्या प्रारंभीच मान्य केले आहे. १९५४-५५च्या सुमारास, श्टायगरच्या हाताखाली, ही नावे घेणे ही साधी गोष्ट नव्हती. याच श्टायगरने १९६६ साली झ्यूरिखमध्ये साहित्य पुरस्कार स्वीकारताना आधुनिक साहित्यावर सरसकट नीतिभ्रष्टतेचा ठपका ठेवला आणि त्यावरून मोठे वादळ उठले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रबंधातले अंतर किती होते ते कळते.

आता सोंडीच्या प्रमेयाकडे वळू. 'नाटक' ही संज्ञा तो अतिशय संकुचित अर्थाने वापरतो, आणि तसे करतो आहोत हे सांगून वापरतो. ग्रीक शोकांतिका तिच्यात बसत नाही, मध्ययुगीन धार्मिक नाटक बसत नाही, शेक्सपिअरची इतिहासनाटकेही बसत नाहीत. त्याला अभिप्रेत असलेले नाटक प्रबोधनकाळात उदयाला आले. मध्ययुगीन विश्वकल्पना कोसळल्यावर स्वतःपाशी परत आलेल्या माणसाने, केवळ माणसामाणसांतील संबंधांच्या चित्रणातून स्वतःची ओळख पटवून घेण्याचे जे धाडस केले, ते म्हणजे हे नाटक. नांदी, वृंदगान, भरतवाक्य यांना तिथे स्थान उरले नाही. उरला तो संवाद. या नाटकात नाटककार बोलत नाही, प्रेक्षकाला कोणी उद्देशून बोलत नाही, काळ सदैव वर्तमान असतो आणि प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाला जन्म देत असतो. नट आणि भूमिका यांच्यामधली सांधरेषाही दिसता कामा नये. असे नाटक स्वयंपूर्ण असते. संवादाबाहेरचे काहीही, मग ते नियती असो, समाजव्यवस्था असो वा व्यक्तीच्या मनाचा बोलता न येणारा तळ असो, त्यात शिरू लागले की त्याची घडी विस्कटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके हेच झाले, असे सोंडीचे म्हणणे. रूप अजूनही वर्तमान, परस्परसंबंध आणि घटना यांची भाषा बोलते आहे. आशय मात्र भूतकाळाचा, एकटेपणाचा आणि स्थितीचा झाला आहे. इब्सेन, चेकॉव्ह, स्ट्रिंडबर्ग, मेटरलिंक आणि हाउप्टमान या पाच नाटककारांत तो ही विसंगती शोधतो.

यांपैकी इब्सेनवरचे प्रकरण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सोंडीने त्यासाठी 'अ डॉल्स हाऊस' निवडले नाही, 'घोस्ट्स'ही नाही. त्याने १८९६ सालचे 'जॉन गाब्रिएल बोर्कमन' निवडले. बँकेच्या पैशाचा अपहार करून तुरुंगवास भोगलेला बोर्कमन सुटकेनंतर आठ वर्षे घराच्या वरच्या मजल्यावर येरझारा घालतो आहे. खाली त्याची पत्नी गुनहिल्ड राहते. दोघांची गाठभेट नाही. गुनहिल्डची जुळी बहीण एला घरी येते आणि नाटक सुरू होते. बोर्कमनने सत्तेसाठी एलाचे प्रेम दुसऱ्या पुरुषाच्या हवाली केले होते, हे पुढे उलगडत जाते. इब्सेनच्या या रचनेला विश्लेषक तंत्र म्हणतात आणि तिचा आदर्श म्हणून 'ईडिपस'कडे बोट दाखवले जाते. सोंडी ही तुलना स्वीकारतो आणि ती उलटी करून दाखवतो. ईडिपसचा भूतकाळ हा त्याच्या वर्तमानाचा भाग आहे. सत्य कळणे हीच तिथली घटना, आणि तिने त्याचे आयुष्य त्याच क्षणी मोडते. बोर्कमनच्या घरात सगळ्यांना सगळे आधीपासून ठाऊक आहे. तिथला भूतकाळ म्हणजे एखादे दडलेले कृत्य नव्हे. वाया गेलेली वर्षे, पोकळ झालेली आयुष्ये, म्हणजे खुद्द काळ, हाच तिथला विषय आहे. काळ हा विषय कादंबरीला पेलतो. नाटकाला तो घटनेच्या रूपात मांडावा लागतो, आणि म्हणून इब्सेनला वर्तमानातले एक कथानक रचावे लागते: बहिणीचे येणे, मुलावरचा हक्क, मुलाचे निघून जाणे. हे कथानक भूतकाळाला बोलते करण्याचे निमित्त आहे. इब्सेनची रचना इतकी चिरेबंद का, याचे सोंडीने दिलेले उत्तर असे की, आत जे आहे ते रूपाला मानवणारे नव्हते, म्हणून ते बाहेरून आवळून धरावे लागले.

हे मान्य केले तर आपण ज्याला 'इब्सेनचे तंत्र' म्हणतो ते एका अडचणीवरचा उपाय ठरते, तोही खुद्द इब्सेनला पुरा न पडलेला. आपण उपाय उचलला. अडचण आपली होती का, हे पाहण्याचे मात्र राहून गेले.

चेकॉव्हवरची सोंडीची पाने थोडी आहेत, पण त्यांतले एक निरीक्षण विसरता येत नाही. 'थ्री सिस्टर्स'मधल्या माणसांनी वर्तमानाचा त्याग केला आहे. ती मॉस्कोच्या आठवणीत आणि दूरच्या भविष्यात राहतात. एकमेकांशी ती बोलतात, पण प्रत्येकाचे बोलणे स्वगताकडे कलते. आन्द्रेइला आपल्या फसलेल्या आयुष्याविषयी बोलायचे आहे, आणि तो बोलतो ते ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या फेरापोंतपाशी. त्याला नीट ऐकू येत असते तर आपण बोललोच नसतो, असेही तो म्हणून जातो. बहिरेपणासारखे एक बाह्य निमित्त पुढे करून चेकॉव्हने संवादाच्या आवरणाखाली स्वगत रंगमंचावर आणले. संवाद उरला आहे तो नावापुरता, आणि तरीही तो टाकून देता येत नाही. या दोहोंमधल्या जागेत चेकॉव्हचे काव्य आहे. मेटरलिंकच्या १८९४ सालच्या 'इंटीरिअर'मध्ये हीच गोष्ट आणखी उघडी होते. मुलीच्या मृत्यूची वार्ता घेऊन आलेला म्हातारा अंगणात उभा आहे, खिडकीतून घरातले कुटुंब दिसते आहे, आणि तो पाहतो ते सांगतो. नाटकातच एक निवेदक उभा राहिला. हाउप्टमानच्या 'बिफोर सनराइज'मध्ये (१८८९) समाजस्थितीचा अभ्यास करायला गावात आलेला लोट हा असाच वेषांतर केलेला निवेदक.

पुढच्या दोन भागांत सोंडी रूप वाचवण्याच्या प्रयत्नांचा आणि मग नव्या रूपाच्या शोधाचा विचार करतो. वाचवण्याच्या प्रयत्नांत निसर्गवादी नाटक, दिवाणखान्यातले गप्पांचे नाटक आणि एकांकिका येतात. शिवाय आणखी एक प्रकार येतो, ज्याला कोंडीचे नाटक म्हणता येईल. माणसे आपणहून एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांना एका बंद जागेत अडकवावे, म्हणजे संवाद अटळ होतो. लोर्काच्या बेर्नार्दा आल्बाचे घर किंवा सार्त्रच्या 'नो एक्झिट'मधली खोली ही त्याची उदाहरणे. नव्या रूपाच्या शोधात पिस्काटोर, ब्रेख्त, पिरांदेल्लो, ओनील, वाइल्डर येतात. ही प्रकरणे तुलनेने धावती आहेत, आणि ब्रेख्तला तर इतरांच्या रांगेत बसवून सोंडीने त्याच्यावर थोडा अन्यायच केला आहे. महाकाव्यात्म रंगभूमीमागची राजकीय भूमिका त्याच्या विवेचनात रूपाच्या प्रश्नात विरघळून जाते. शेवटी आर्थर मिलर येतो, आणि तिथे पुस्तकाचे प्रमेय अचानक सोपे होऊन हाती लागते. मिलरने 'ऑल माय सन्स' (१९४७) इब्सेनच्या पद्धतीने बेतले. दडवलेला गुन्हा संवादातून खेचून काढला. दोनच वर्षांनी 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये त्याने ती पद्धत सोडली. विली लोमनचा भूतकाळ कोणी उकरून काढत नाही. तो आपोआप रंगमंचावर येतो, घराच्या भिंती पारदर्शक होतात, आणि स्मृती हेच नाटकाचे रूप होते. एकाच लेखकाच्या दोन नाटकांत सोंडीला पन्नास वर्षांचा इतिहास दिसला.

या उपपत्तीवरचे आक्षेप स्पष्ट आहेत. आरंभी गृहीत धरलेले 'शुद्ध' नाटक हे इतिहासातले वास्तव किती आणि सोयीचे आदर्शरूप किती? रासीनच्या नाटकांवरून घेतलेला साचा युरोपच्या तीन शतकांना लावला, की त्यातून निसटणारे सारे अपवाद ठरते. दुसरे असे की सोंडी संहिता वाचतो, प्रयोग पाहत नाही. प्रेक्षागृह त्याच्या पुस्तकात जवळजवळ रिकामेच आहे. विल्यम्सला जी संवेदनांची घडण दिसते, तिच्यात प्रेक्षकही सामील असतात. सोंडीच्या द्वंद्वात्मकतेत आशय आणि रूप दोघेच असतात. हे आक्षेप मला मान्य आहेत. मात्र ते घेणाऱ्यांनी सोंडीचे पहिले पुस्तक वाचून तिथेच थांबू नये. पुढच्या पंधरा वर्षांत तो कुठे गेला हे पाहिल्याशिवाय त्याच्याविषयीचा निर्णय अपुरा राहतो.

१९६१ साली त्याचे शोकात्मतेवरचे पुस्तक आले. अ‍ॅरिस्टॉटलपासून शोकांतिकेचे काव्यशास्त्र आहे, पण शोकात्म म्हणजे काय याचे तत्त्वज्ञान शेलिंगपासून सुरू होते, हा त्याचा आरंभबिंदू. पूर्वार्धात शेलिंगपासून शेलरपर्यंतच्या बारा विचारवंतांची टाचणे, उत्तरार्धात 'ईडिपस'पासून 'डान्टन्स डेथ'पर्यंत आठ नाटकांचे वाचन. ज्या कृतीने माणूस वाचणार असे वाटते तिनेच त्याचा नाश होणे, अशी एक द्वंद्वात्मक घडण त्याला सर्वत्र दिसते. पुस्तक कमालीचे नेमके आहे, पण मला ते त्याच्या ग्रंथांत सर्वांत कमी ऐतिहासिक वाटते. सोफोक्लीस आणि ब्यूखनर यांच्यामधली दोन हजार वर्षे त्या घडणीपुढे फिकी पडतात.

खरी वळणाची जागा म्हणजे त्याची अठराव्या शतकातील मध्यमवर्गीय शोकनाट्यावरची व्याख्याने. १९६५ साली बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत तौलनिक साहित्याचे अध्यासन त्याच्याकडे आले. तिथे त्याने दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९७३ ते १९७५ या काळात, पाच खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांतला पहिला खंड या विषयावरचा आहे. प्रचलित मत असे होते की, उदयोन्मुख मध्यमवर्गाने सरंजामशाहीविरुद्ध पुकारलेला लढा म्हणजे हे नाटक. सोंडी संहिता समोर ठेवून विचारतो, हा लढा दिसतो कुठे? लिलोच्या 'लंडन मर्चंट'मध्ये (१७३१) सरदारांशी कोणी भांडत नाही. तिथला व्यापारी काटकसर, हिशेब, वेळेचा सदुपयोग, वासनांवरचा ताबा ही मूल्ये शिकवतो, आणि त्या शिस्तीतून घसरलेल्या उमेदवार कारकुनाला फाशी होते. मॅक्स वेबरने वर्णिलेली प्रॉटेस्टंट नीती इथे रंगमंचावर आली आहे. दीदेरोच्या फ्रान्समध्ये चित्र वेगळे. राज्यसत्तेत ज्याला वाटा नाही असा नागरिक कुटुंबाच्या आत वळतो. घर हे आसरा होते, आणि अश्रू हे त्या घराचे चलन. म्हणजे 'मध्यमवर्गीय नाटक' नावाचे एकच एक रूप नव्हतेच. एकाच नावाखाली दोन समाजांनी दोन वेगळी कामे करून घेतली होती. पहिल्या पुस्तकातला एकसंध साचा सोंडीने इथे स्वतःच मोडला आहे. 'नाटक' या अमूर्त सत्तेऐवजी अमुक शहरातला, अमुक वर्ग, अमुक प्रकारची घरे आणि त्या घरांत कोणी कोणाशी काय बोलायचे याचे संकेत, हे त्याच्या विवेचनात आले. मराठी अभ्यासकाने सोंडीकडून घ्यायचे ते इथून, असे माझे मत आहे.

बर्लिनच्या काळातले आणखी एक काम सांगायला हवे. १९६७ साली 'कम्यून एक' या गटाच्या दोन तरुणांवर पत्रकांतून जाळपोळीला चिथावणी दिल्याचा खटला भरला गेला. सोंडीने बचावासाठी तज्ज्ञ म्हणून मत दिले, आणि ते दिले ते निव्वळ भाषाशास्त्रीय पद्धतीने: पत्रकातले वाक्य कोणाच्या आवाजात आहे, उपरोध कुठे सुरू होतो, आज्ञार्थ खरा की सोंग. नाटकातले बोलणे कोणाचे आणि कोणाला उद्देशून, हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या माणसाने तो न्यायालयापुढे विचारला. पुढच्या वर्षी आरोपी निर्दोष सुटले. १९७०च्या एप्रिलमध्ये त्याचा मित्र, कवी पाउल सेलान याने पॅरिसमध्ये जीव दिला. सेलानच्या कवितांवरचे सोंडीचे निबंध १९७२ साली पुस्तकरूपाने आले, पण ते पाहायला सोंडी नव्हता. १९७१च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या हालेन्झे तळ्यात त्याने आपले आयुष्य संपवले होते.

आता मूळ प्रश्नाकडे. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'आंधळ्यांची शाळा'चा प्रयोग झाला, तेव्हा 'नाट्यमन्वंतर'च्या मंडळींना जे हवे होते ते पुष्कळ अंशी सोंडीच्या 'शुद्ध' नाटकासारखेच होते: बंद खोली, अखंड वर्तमान, प्रेक्षकाकडे न वळणारे पात्र. त्यांच्यासमोर होते ते संगीत नाटक. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (१८८०) चालत आलेल्या या परंपरेत सूत्रधार प्रेक्षकांशी बोलत होता, पात्रे पदांतून बोलत होती, आणि 'वन्समोअर' मिळाला की मेलेले पात्रही पुन्हा गायला उठत होते, अशी थट्टा होई. वन्समोअर हा नाट्यरूपाचा एक घटक आहे, असे आपण कधी मानले नाही; तो प्रेक्षकांच्या गैरशिस्तीचा भाग समजला गेला. पण प्रेक्षक आहे, तो ऐकतो आहे आणि त्याच्या मागणीने रंगमंचावरचा काळ मागे वळू शकतो, हे विधान त्या रूपाने केले होते. आपल्याकडे जे नाटक कधी बंद नव्हतेच ते १९३३ साली बंद करू पाहिले गेले, आणि ज्या युरोपातून बंद खोली आली तिथे स्ट्रिंडबर्गने तिच्या भिंती तीन दशकांपूर्वीच पाडल्या होत्या. हा केवळ कालविपर्यास म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. बंद खोलीची गरज आपल्याला वेगळ्या कारणाने होती. नवराबायकोने समोरासमोर बसून, बरोबरीच्या नात्याने, घरगुती गद्यात बोलणे हीच त्या काळच्या मुंबई-पुण्याच्या शिक्षित घरांत नवी गोष्ट होती. युरोपच्या नाटकात संवाद संपत आला होता. आपल्या घरात तो नुकता सुरू होत होता.

तसे असेल तर मग 'आंधळ्यांची शाळा'तली गाणी कशासाठी? ती केशवराव भोळे यांनी बांधली, ज्योत्स्ना भोळे यांनी गायिली, आणि वास्तववादाच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात ती राहिली. रांगणेकरांच्या 'कुलवधू'तही (१९४२) नोराची छाया आणि भानुमतीची पदे एकत्र नांदतात. खतावणीवाला समीक्षक म्हणतो, ही प्रेक्षकांच्या रुचीला दिलेली सवलत. सोंडीच्या प्रश्नाने पाहिले तर दुसरे काही दिसते. घरातल्या स्त्रीला संवादात जे म्हणायची सोय अजून झाली नव्हती, ते ती पदात म्हणते. गद्य जिथे अडते तिथे गाणे येते. सगळीच पदे अशी आहेत असा माझा दावा नाही, पुष्कळ पदे निव्वळ पदेच आहेत. पण कुठे बोलणे थांबते आणि गाणे सुरू होते याची नोंद घेत या नाटकांच्या संहिता एकदा वाचायला हव्यात.

१९६७ सालच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये कोंडीचे नाटक त्याच्या पुऱ्या सामर्थ्याने मराठीत आले. बाहेरून कडी लागलेले सभागृह, खेळ म्हणून सुरू झालेला खटला आणि न्यायालयाची प्रश्नोत्तरे, म्हणजे सक्तीचा संवाद. या संवादात बेणारे बाईंना बोलताच येत नाही. त्यांचे सत्य येते ते काही सेकंदांच्या अवधीत मावणार नाही अशा लांब स्वगतातून, इतर पात्रे निश्चल झाल्यावर, कोणी ऐकले की नाही हे सांगता येऊ नये अशा रीतीने. या स्वगतावर तंत्रदृष्ट्या भडकपणाचा आरोप झालेला आहे. मला ते नाटकाच्या घडणीतून अपरिहार्यपणे आलेले वाटते. निवेदकाची गोष्ट याहून वेगळी. युरोपात तो नाटकात शिरला तो मोडतोडीची खूण म्हणून. 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन लावतात, तेव्हा मात्र प्रेक्षकाला आपण परक्या रूपासमोर बसलो आहोत असे क्षणभरही वाटत नाही. तिथला विरोध निवेदन आणि संवाद यांच्यातला नाहीच. तो आहे कीर्तनाने गृहीत धरलेला भाविक श्रोता आणि चाळीतले निबर वास्तव यांच्यातला. या नाटकांना 'अ‍ॅब्सर्ड' किंवा 'ब्रेख्तियन' म्हणून सोडून देताना हा फरक नजरेआड होतो.

आणि 'वाडा चिरेबंदी' (१९८५). त्याला चेकॉव्हचा वारसा चिकटवणे ही आता सवयच झाली आहे. पडता वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, मुंबईहून आलेला भाऊ, कशालाच हात न घालणारी माणसे, हे सारे खुणावते हे खरे. पण या घरातली माणसे एकमेकांचे ऐकतात. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, दागिने कोणाकडे राहायचे, यावर ती भांडतात. आणि भांडणातला प्रत्येक शब्द समोरच्याला लागतो, त्याने काही घडते. वाटणीचा प्रश्न शिल्लक असेपर्यंत संवाद मरत नाही, असे हे नाटक सांगते, आणि ते चेकॉव्हचे सांगणे नव्हे. फेरापोंतच्या जवळ जाणारे एकच पात्र तिथे आहे, ते म्हणजे दादी. मुलगा वारला आहे आणि ती आतून मधूनमधून किती वाजले ते विचारत राहते. आन्द्रेइला फेरापोंतच्या बहिरेपणाने बोलायची मोकळीक दिली. दादीची हाक घरातल्या कोणालाच मोकळे करीत नाही. चालू असलेले बोलणे तेवढ्यापुरते थांबते, आणि मग वाटणीचा विषय पुढे सुरू होतो.